ओल्या-सुक्या कचऱ्याआधीची शिस्त

गोव्यात, फोंड्याला आमच्या इमारतीखाली सकाळी आधी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजतो, मग कचऱ्याची गाडी येते. पावासाठी गेटला कापडी पिशव्या टांगलेल्या असतात. ती सवय आम्हाला कुणी शिकवली नाही. कचरा वेगळा करायला मात्र कायदा झाला, फलक लागले, तरी भाताचं उष्टं आणि दुधाची पिशवी कित्येक घरांत अजून एकाच बादलीत. असं का, हे समजून घ्यायला खाजनापर्यंत मागे जावं लागतं.

खाजन म्हणजे मांडवी, जुवारी आणि त्यांच्या खाड्यांकाठची, भरतीच्या पातळीपेक्षा खोल असलेली जमीन. चिखल, पेंढा, बांबू आणि चिरे यांचा बांध घालून ती खाऱ्या पाण्यापासून राखलेली. बांधात मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायची मोरी. तिचं लाकडी दार भरतीचं पाणी बाहेरून रेटू लागलं की आपोआप मिटतं आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतं. पावसाने मीठ धुऊन काढलं की कोरगुट हे खारवट जमिनीत तगणारं भात. कापणी झाली की त्याच शेतात खारं पाणी घेऊन मासळी. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव व्हायचा.

बांधाला खेकड्याचं भोक पडलं आणि ज्याला दिसलं त्याने ते बुजवलं नाही, तर एखादी मोठी भरती पुरायची. मिठाला शेजाऱ्याचा वाफा आणि आपला वाफा असा भेद नसतो. एकदा ते शिरलं की जमीन गोडी व्हायला काही पावसाळे जायचे. त्यामुळे बांधावर नजर ठेवणं हा कुणाचा चांगुलपणा नव्हता, पोटाचा प्रश्न होता.

हा कारभार गावकरीकडे, म्हणजे गावची जमीन सामाईक राखणाऱ्या संस्थेकडे, असे. पोर्तुगीज आले तेव्हा ती जुनीच होती; त्यांचा अधिकारी अफोंसो मेशिया याने 1526 मध्ये तिचे रिवाज लिहून काढले आणि पुढे तिला कोमुनिदाद हे नाव पडलं. तिला सोनेरी मुलामा द्यायचं मात्र कारण नाही. हक्क पुरुषांच्या वंशाने चाले, आणि बांधावर चिखल वाहणाऱ्या बहुतेकांना जोण, म्हणजे नफ्याचा वाटा, मिळत नसे.

पोर्तुगिजांपासून गोवा मुक्त झाल्यानंतर 1964 च्या कूळ कायद्याने कुळांना संरक्षण मिळालं, ते न्याय्यच होतं. पण बांधांची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे गेली आणि अनेक ठिकाणी ती धड कुणाचीच उरली नाही. भातापेक्षा मासळीत पैसा जास्त, म्हणून खारं पाणी हवं त्याहून जास्त दिवस आत ठेवलं जाऊ लागलं. कित्येक बांध फुटले ते फुटलेच.

घरातली काटकसरही अशीच गरजेतून आलेली. पावसात होड्या बंद, म्हणून मे महिन्यातच पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायचं: सुकी मासळी, सोलं, मिरच्या, चिंच. पुढे बाजार बारमाही झाला आणि प्रत्येक वस्तू पिशवीत बांधून येऊ लागली.

कचरा डोळ्यांत खुपू लागल्यावर 1996 मध्ये गोव्याने अविघटनशील कचऱ्यासाठी कायदा केला. मडगावजवळच्या सोनसोड्याचा ढीग तरीही वाढतच राहिला. 2016 मध्ये साळगावचा कचरा प्रक्रिया प्रकल्प सुरू झाला, त्याच वर्षी केंद्राच्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा देणं बंधनकारक केलं. प्रकल्प हवेच होते. पण नियम घरागणिक आला, आणि आपला डबा मिसळला तर शेजाऱ्याचं काय बिघडतं हे कुणाला दिसत नव्हतं.

आमच्या इमारतीत ते दिसलं एका जून महिन्यात. गाडीवाल्याने मिसळलेले डबे उचलायला साफ नकार दिला. तीन दिवस जिन्याखाली माश्या घोंघावल्या, वास तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सारखाच. चौथ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या काकी हातमोजे घालून खाली उतरल्या आणि कुणाच्या डब्यात काय आहे ते मोठ्याने सांगत सुटल्या.