डायबिटीस आणि लिव्हरचं स्कॅनिंग

डायबिटीसवाल्या माणसाच्या लिव्हरमधे चरबी किती साठलीये आणि त्यापायी लिव्हर आतून कडक व्हायला लागलंय का, हे सुई न टोचता बघायची पद्धत. यात सोनोग्राफी, फायब्रोस्कॅन आणि एमआरआय येतात. टाइप २ डायबिटीस असलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांना फॅटी लिव्हर असतं, दुखत-खुपत काही नाही, एसजीपीटी ही लिव्हरची रक्ततपासणीसुद्धा बरेचदा नॉर्मलच येते, म्हणून मुद्दाम बघावं लागतं. २०२३ मधे या आजाराचं नाव बदलून एमएएसएलडी झालं, पण इंदूरला रामबागेपासून सुदामा नगरपर्यंत सगळे अजून फॅटी लिव्हरच म्हणतात.

सुरुवात बहुतेक सोनोग्राफीनंच होते. स्क्रीनवर लिव्हर उजव्या किडनीपेक्षा जास्त पांढरं दिसलं की चरबी, आतल्या रक्तवाहिन्यांच्या कडा पुसट झाल्या की ग्रेड टू, आणि मागचा डायफ्राम, म्हणजे छाती-पोटामधला पडदाच दिसेनासा झाला की ग्रेड थ्री. चरबी थोडीच असेल, म्हणजे साधारण २० टक्क्यांच्या खाली, तर ती निसटूही शकते. खरा घोळ वेगळाच आहे, लग्नाच्या पंगतीतसुद्धा काका लोक एकमेकांना "तुमचा ग्रेड कितवा" विचारतात, पण ग्रेड चरबीचा असतो, कडकपणाचा नाही. ग्रेड वनवाल्याचं लिव्हर कडक निघू शकतं आणि थ्रीवाल्याचं मऊ, आणि सिरोसिस, म्हणजे लिव्हर पार कडक होऊन खराब होणं, पुढे गेला की चरबी उलट कमी होते, मग रिपोर्ट सुधारल्यासारखा वाटतो.

म्हणून आधी फिब-फोर काढतात, म्हणजे लिव्हर कडक झालंय का याचा अंदाज देणारा आकडा. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट एवढ्यावरच ते निघतं, वेगळा खर्च नाही. १.३ च्या वर आलं (पासष्टीपुढे २ च्या वर) की फायब्रोस्कॅन.

फायब्रोस्कॅन हे २००३ मधे आलेलं फ्रान्सचं मशीन. उताणं झोपायचं, उजवा हात डोक्यामागे, बरगड्यांच्या फटीत थंडगार जेल, आणि मग टिचकी मारल्यासारखे हलके धक्के, निदान दहा रीडिंग लागतात. धक्क्याची लाट कडक लिव्हरमधून जोरात पळते, त्या वेगावरून कडकपणाचा आकडा किलोपास्कल या मापात येतो. ८ च्या खाली असेल तर बहुतेक काळजी नाही, १२ च्या वर गेला तर लिव्हरच्या डॉक्टरकडे जायचंच. चरबीचा आकडा त्याच वेळी वेगळा मिळतो. पोट सुटलेलं असेल तर मोठा एक्सएल प्रोब (अंगावर टेकवायचा भाग) लावतात.

आधी तीन तास पोट रिकामं हवं, आणि आपल्याकडे इथेच घोटाळा होतो, सकाळी घरून निघालेला माणूस वाटेत पोहे-जलेबी खाऊनच पोचतो. खाल्लं की लिव्हरकडे रक्त वाढतं आणि आकडा उगाच वर जातो.

एमआरआयमधलं पीडीएफएफ नावाचं मोजमाप चरबी थेट टक्क्यांत मोजतं, ५ च्या वर म्हणजे फॅटी लिव्हर. सगळ्यांत नेमकं तेच, पण महाग, त्यामुळे रोजच्या कामात कमीच.