ओपनफोममधील प्रारण प्रतिमाने

ओपनफोम हे 2004 मध्ये मुक्तस्रोत झालेले, द्रायूंच्या (द्रव-वायूंच्या) प्रवाहाची गणना करणारे सॉफ्टवेअर. वहन आणि अभिसरण त्यातल्या ऊर्जेच्या समीकरणातच असतात. प्रारण मात्र ‘रेडिएशनप्रॉपर्टीज’ या फाइलमधून मुद्दाम चालू करावे लागते.

प्रारण फक्त भट्टीतच मोजायचे, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. 60 अंश सेल्सिअसची रंगवलेली भिंत 30 अंशांच्या खोलीत असेल, तर दर चौरस मीटरमागे सुमारे 200 वॅट प्रारणाने जातात. संथ हवेच्या अभिसरणाने जाणारी उष्णता बहुधा याहून कमीच भरते. प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घातावर चालते, म्हणून तापमान केल्विनमध्येच भरायचे: 60 नव्हे, 333.

प्रतिमान निवडताना आधी मधला वायू पाहावा. शोषण गुणांक (वायू दर मीटरला किती किरण शोषतो) गुणिले पोकळीची लांबी, म्हणजे प्रकाशीय जाडी. कोरडी हवा जवळजवळ पारदर्शक असते. तिथे फक्त पृष्ठभागांची देवाणघेवाण मोजणारे ‘व्ह्यू फॅक्टर’ पुरते. ज्वलनातून निघालेली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड किरण शोषतात. ही जाडी 1 च्या वर गेली की ‘पी-1’ हे प्रतिमान चालते. त्यात एकच जादा समीकरण सुटते, म्हणून ते स्वस्त आहे. पण विरळ वायूत ते उष्णता जास्त दाखवते आणि सावल्या पुसून टाकते.

‘एफव्हीडॉम’ हे तिसरे प्रतिमान पारदर्शक आणि दाट अशा दोन्ही वायूंत चालते, मात्र प्रत्येक दिशेसाठी वेगळे समीकरण सोडवते. त्रिमितीत एनफाय (पाव वर्तुळातल्या आडव्या दिशा) 3 आणि एनथीटा (उभ्या दिशा) 5 ठेवले तर 4 × 3 × 5, म्हणजे 60 समीकरणे. दिशा कमी घेतल्या की लहान तप्त वस्तूभोवतीच्या भिंतींवर चांदणीसारखे पट्टे उमटतात. ते पट्टे खऱ्या उष्णतेचे नसून दिशांच्या विरळपणाचे असतात. गणनेची जाळी कितीही बारीक केली तरी जात नाहीत, दिशाच वाढवाव्या लागतात. वेळ वाचवायला ‘सॉल्व्हरफ्रीक’ 10 दिले की प्रारण दर दहाव्या फेरीलाच सुटते.

भिंतींची उत्सर्जकता, म्हणजे आदर्श काळ्या पृष्ठभागाच्या तुलनेत त्या किती प्रारण सोडतात, हा सर्वांत दुर्लक्षित आकडा. चकचकीत ॲल्युमिनियमला साधारण 0.05, तर ऑइलपेंट मारलेल्या पत्र्याला 0.9 च्या आसपास. इथे डोळ्यांवर विसंबू नये: नेहमीच्या तापमानाला पांढरा रंगही अवरक्त किरणांपुरता जवळजवळ काळाच असतो.