अंगठ्याच्या मुळाशी झालेली सांध्याची झीज: कोणता उपचार केव्हा?

बरणीचे झाकण उघडताना, कपडे पिळताना किंवा कुलपात किल्ली फिरवताना अंगठ्याच्या मुळाशी कळ येते, अशी तक्रार घेऊन आमच्याकडे स्प्लिंटसाठी (अंगठ्याला आधार देणाऱ्या पट्ट्यासाठी किंवा साच्यासाठी) येणाऱ्यांत पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रिया अधिक असतात. अंगठ्याचे हाड मनगटाजवळच्या ज्या लहानशा हाडावर खोगिरासारखे बसते, तेथील कूर्चा (हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण) झिजल्याने हे दुखणे उद्भवते. चिमटीत १ किलोचा जोर लावला, तर या सांध्यावर सुमारे १२ किलोंचा भार येतो. म्हणूनच लसूण सोलण्यासारखे हलके कामही नकोसे होते.

झिजलेली कूर्चा कोणत्याही उपचाराने पूर्ववत होत नाही, आमच्या स्प्लिंटनेही नाही, हे आम्ही माप घेण्याआधीच सांगतो. स्प्लिंट सांध्याला आधार देतो आणि नियमित वापरल्यास काही आठवड्यांत, काहींना महिन्यांत, वेदना कमी होऊ शकते. तयार कापडी पट्टा स्वस्त व सुटसुटीत असतो. गरम पाण्यात मऊ होणाऱ्या प्लास्टिकपासून थेट हातावर घडवलेला स्प्लिंट अधिक पक्का आधार देतो, परंतु कणीक मळताना तो काढावाच लागतो. आपण जो खरोखर रोज वापराल तोच घ्यावा, महागाचा आग्रह आम्ही धरत नाही. सोबत फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम हवेतच.

औषधांमध्ये वेदनाशामक जेलपासून सुरुवात करणे इष्ट, कारण पोट, मूत्रपिंड आणि रक्तदाब यांवर गोळ्यांचा जो परिणाम होऊ शकतो, त्याचा धोका जेलमध्ये बराच कमी असतो. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने काहींना काही आठवडे आराम पडतो, पण तो टिकेलच असे नाही, आणि मधुमेह असल्यास त्यानंतर काही दिवस साखर वाढू शकते.

शस्त्रक्रियेचा विचार या सर्व उपायांनंतरच करावा. खोगिराखालचे ते लहान हाड काढून टाकण्याची पद्धत जुनी आणि भरवशाची आहे. मात्र हाताची ताकद परत येण्यास अनेक महिने लागतात. कृत्रिम सांध्याने हात लवकर कामाला लागतो, परंतु तो पुढे सैल होण्याची किंवा निखळण्याची शक्यता असते. एक्स-रेमधील झीज आणि प्रत्यक्ष वेदना यांचा मेळ अनेकदा बसत नाही, त्यामुळे केवळ एक्स-रे पाहून हा निर्णय घेऊ नये.

मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूस दुखत असेल, तर ती स्नायुबंधाच्या आवरणाची सूजही असू शकते आणि तिला निराळा स्प्लिंट लागतो. म्हणून माप देण्यास येताना डॉक्टरांची चिठ्ठी अवश्य आणावी.