मशीनवर मोकळ्या हाताने गोधडी: शिकणाऱ्यांसाठी माहिती

नेहमीच्या शिलाईत मशीनचे दाते कापड पुढे ढकलतात. फ्री-मोशन क्विल्टिंगमध्ये, म्हणजे मोकळ्या हाताने गोधडी शिवताना, दाते बंद करून कापड दोन्ही हातांनी फिरवायचे असते. त्यामुळे टाका केवढा पडेल हे हात आणि मशीन यांच्या वेगावर ठरते. हात जोरात आणि मशीन हळू चालली तर टाके लांब पडतात. हात थांबला आणि मशीन चालूच राहिली तर एकाच जागी गाठ होते. इंचाला ८ ते १० टाके एकसारखे पडू लागले की हात बसला समजा.

यासाठी नवी मशीन घेऊ नका. घरातली काळी पायमशीन चालते, आणि लाइट गेली तरी काम अडत नाही. काही मशीनला दाते खाली करायचा स्क्रू असतो. नसेल तर दात्यांवर झाकणपट्टी बसवा आणि टाक्याचा काटा शून्यावर ठेवा. साधा फूट (सुईखाली कापड दाबणारा पाय) काढून स्प्रिंगचा रफू फूट लावा. रिंग लावून भरतकाम करणाऱ्या पुष्कळ जणी फुटाशिवायच काम करतात, पण गोधडीचे थर जाड असतात. फूट नसला तर सुई वर येताना कापडही तिच्यासोबत उचलले जाते आणि टाका सुटतो. सुई १४ नंबरची, थर जास्त असतील तर १६ नंबरची. साधारण ८ तास शिलाई झाली की ती बदला.

पहिले काम बाळाच्या दुपट्याचे घ्या, ३६ × ३६ इंच. पूर्ण गोधडी मशीनच्या कमानीखाली गुंडाळून फिरवणे नवशिक्या हाताला जड जाते. खालचे कापड ४० × ४० इंच कापा, म्हणजे चारही बाजूंनी २ इंच जास्त राहील. ४४ इंच पन्ह्याचे सव्वा मीटर पुरते. नवे कापड आधी धुऊन घ्या. मध्ये जुन्या सुती साडीचे दोन थर घाला, काठ कापून टाका. सुटा पिंजलेला कापूस सुरुवातीला नकोच, तो सरकतो आणि त्याचे गोळे होतात. सिंथेटिक साडीही घसरते.

खालचे कापड ताणून जमिनीला चिकटपट्टीने पक्के करा, त्यावर मधले थर आणि वरचे कापड पसरा आणि दर ४ इंचांवर सेफ्टी पिन लावा. दुपट्याला साधारण ८१ पिना लागतात. शिवताना सुई जवळ आली की पुढची पिन काढा, आणि शेवटी सगळ्या पिना मोजा. सुई मोडली तर तिचा तुकडा सापडल्याशिवाय पुढे जाऊ नका. या दुपट्यात बाळ झोपणार आहे.

आधी कागदावर पेन न उचलता नागमोडी रेघ काढा. रेघ रेघेला कापू नये. मग १४ × १४ इंचाच्या जुन्या कापडाच्या थरांवर रोज १५ मिनिटे तीच रेघ शिवा. सुरुवात करताना सुई एकदा खालीवर करून बॉबिनचा (खालच्या रिळाचा) धागा वर ओढून घ्या, दोन्ही धागे धरून ठेवा आणि चार-पाच बारीक टाके घाला. फुटाची दांडी खाली सोडायला विसरू नका. हा फूट कापड दाबत नाही, म्हणून दांडी वर राहिलेली लक्षात येत नाही. ती वर असली की टेन्शनच्या (वरच्या धाग्याला ताण देणाऱ्या) चकत्या उघड्या राहतात आणि खाली धाग्याचा गुंता होतो. बॉबिन बिघडली असे समजून मशीन आमच्या दुकानात येते, तेव्हा बहुतेकदा कारण हेच निघते.

दर थोड्या वेळाने कापड उलटे करून पाहा, चूक तिथे दिसते. वळणावरच वरच्या धाग्याचे पापण्यांसारखे फासे आले असतील तर वळताना हाताने घाई केली आहे. तिथे टेन्शनला हात लावू नका, वळणावर हात सावकाश फिरवा. सरळ रेषेतही बॉबिनचा धागा तारेसारखा ताठ पडला असेल, तर वरचे टेन्शन अर्धा आकडा वाढवा. बॉबिनचा धागा वर दिसत असेल तर तेवढेच कमी करा. धागा सारखा तुटत असेल तर रीळ हातात ताणून पाहा, जुना धागा कुजतो. मागे चुण्या पडल्या तर पिना विरळ होत्या किंवा खालचे कापड ढिले होते.

मधून सुरुवात करून कडेकडे जा. गोधडीचे ओझे खाली लोंबले तर हात ओढले जातात आणि सुई वाकते, म्हणून डावीकडे आणि मागे बाक किंवा खाट ठेवा. बोटे सुईपासून २ इंच लांब ठेवा. उन्हाळ्यात घामाने हात घसरतात, तेव्हा रबरी ठिपक्यांचे हातमोजे घाला.

नागमोडी जमली की टोकदार पान घ्या. देठातून वर जाऊन टोकाशी क्षणभर थांबा, म्हणजे टोक गोल होत नाही. मग दुसऱ्या बाजूने परत देठाशी या.

बाजाराच्या दिवशी दुकानात येताना शिवलेला तुकडा घेऊन या. उलटी बाजू पाहून फूट, टेन्शन की हात, हे इथेच तपासून देऊ.