वायफायला मोबाइल नंबरचं कुलूप

कनेक्शन जोडायला आलेल्या मुलाने राउटर भिंतीवर ठोकला आणि विचारलं, "पासवर्ड काय ठेवू? मोबाइल नंबरच टाकतो, लक्षात राहतो." मी मान डोलावली. दोन वर्षं तसंच चाललं. मग एकदा सहज गणित मांडलं आणि त्याच दिवशी पासवर्ड बदलला.

रेडिओलहरी भिंतीपाशी थांबत नाहीत. जिन्यात बसलेल्या माणसालाही आपला राउटर ऐकू येतो. फोन वायफायला जोडला जाताना दोघांत चार निरोपांची देवाणघेवाण होते. त्यात पासवर्ड नसतो, पण पासवर्डापासून बनवलेल्या किल्लीचा गणिती शिक्का असतो. तेवढा टिपला की चोराला आपल्या दारात थांबायची गरज उरत नाही. घरी बसून तो एकेक पासवर्ड घालून बघतो आणि शिक्का जुळतो का ते तपासतो. 'तीनदा चुकलात, आता थांबा' असं त्याला सांगणारं कुणी नसतं, कारण राउटरला यातलं काहीच कळत नाही.

२००४ साली आलेल्या डब्ल्यूपीए-२ या वायफाय सुरक्षित ठेवायच्या पद्धतीत यावर एक तोड आहे. पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव एकत्र करून, कणीक तिंबावी तसं, ४०९६ वेळा गणितातून काढतात, म्हणजे प्रत्येक अंदाज महाग पडतो. पण आज गेम खेळायचं चांगलं ग्राफिक्स कार्ड एवढं तिंबूनही सेकंदाला दहा लाख अंदाज तपासतं. आपले मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात. पुढचे नऊ आकडे काहीही असू शकतात. म्हणजे एकूण ४०० कोटी शक्यता. भागाकार करा: ४००० सेकंद. तास आणि वर सहा-सात मिनिटं!

पुढे काय होऊ शकतं? जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळी आलेल्या धमकीच्या ईमेलचा माग थेट नवी मुंबईत राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या कनेक्शनपर्यंत गेला. त्याचं वायफाय भलत्यानेच वापरलं होतं. पोलीस मात्र त्याच्या दारात.

मी आता शब्दकोश डोळे मिटून चार वेळा उघडला आणि बोट पडेल तो शब्द घेतला. दहा हजार शब्दांतून असे चार निवडले तर त्याच कार्डाला सगळ्या शक्यता तपासायला तीनशेहून जास्त वर्षं लागतील. शब्द मनाने मात्र निवडू नका. मन नेहमी गणपती, आई आणि मुलांच्या नावांकडेच धावतं.

राउटरच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए-३ दिसलं तर तेच निवडा. २०१८ च्या या पद्धतीत प्रत्येक अंदाजासाठी राउटरशीच बोलावं लागतं, घरी नेऊन फोडायची सोय नाही. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण दाबून किंवा पिन घालून फोन जोडायची सोय, बंद करा. त्याचा पिन आठ आकडी असला तरी तो दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो, त्यामुळे फार तर ११,००० प्रयत्न पुरतात.

आणि राउटरच्या आत शिरायचा पासवर्ड? तो बहुतेक घरांत कारखान्यातून आला तसाच असतो. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या प्रोग्रामने असे साठेक ठरलेले पासवर्ड घालून बघत लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. कॉम्प्युटर आणि राउटर दोघांचेही अपडेट 'नंतर' म्हणून ढकलू नका, एवढं त्यात जोडा.

पाहुण्यांसाठी मी 'गेस्ट' नेटवर्क वेगळं ठेवलंय. त्याचा पासवर्ड फ्रिजवर चिकटवलाय, कारण चार शब्द सांगताना तिसऱ्यालाच सगळे हसू लागतात.