आठ सेंटची बाटली, पंचवीस सेंटची बाटली

मराठीत ‘रीयूज’लाही पुनर्वापर म्हणतात आणि ‘रिसायकलिंग’लाही. पुनर्चक्रीकरण असा शब्द आहे खरा, पण तो सरकारी फलकावरून खाली उतरत नाही. या दोन्हींतला फरक डोळ्यांनी बघायचा असेल तर जर्मनीतल्या सुपरमार्केटात, रिकाम्या बाटल्या परत घेणाऱ्या मशिनपाशी उभं राहावं.

तिथे बाटलीमागे ‘फांट’, म्हणजे अनामत भरावी लागते. बाटली मशिनमध्ये टाकली की पावती येते, ती गल्ल्यावर दिली की पैसे वळते. बिअरच्या साध्या काचेच्या बाटलीला ८ सेंट, मिनरल वॉटरच्या काचेच्या बाटलीला १५, आणि पातळ प्लॅस्टिकच्या बाटलीला किंवा कॅनला २५. नवख्याला वाटतं, अनामत जास्त म्हणजे बाटली जास्त गुणाची. नेमकं उलट आहे.

८ आणि १५ सेंटवाल्या ‘मेअरव्हेग’, पुन्हा पुन्हा वापरायच्या. त्या कारखान्यात जातात, कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात धुतल्या जातात, तडा आहे का ते तपासून पुन्हा भरल्या जातात. काचेची बाटली अशा ५० फेऱ्यांपर्यंत टिकते, जाड प्लॅस्टिकची साधारण २५. मिनरल वॉटरची दाणेदार बाटली तर १९६९पासून अनेक कंपन्या मिळून वापरतात. त्यामुळे एकीची बाटली दुसरीकडे भरली तरी बिघडत नाही. आपली गोटी सोड्याची बाटली याच कुळातली.

२५ सेंटवाली ‘आइनव्हेग’, एकदाच वापरायची. तिचे तुकडे होतात, ते धुऊन वितळवले जातात. त्यातून कधी पुन्हा बाटली होते, कधी पॉलिएस्टरचा धागा. हिच्यावर अनामत २००३मध्ये सक्तीची झाली, ती बाजारातला मेअरव्हेगचा वाटा घसरत होता म्हणून. झालं असं की आइनव्हेगच्या ९८ टक्क्यांच्या आसपास बाटल्या परत येऊ लागल्या, कचरा म्हणून त्या रस्त्यावर दिसेनाशा झाल्या. मेअरव्हेगचा वाटा मात्र कायद्यातल्या ७० टक्क्यांच्या उद्दिष्टापासून दूरच राहिला. साहजिकच आहे. दोन्ही बाटल्या एकाच भोकात जातात, दोन्हींचे पैसे मिळतात, मग गिऱ्हाईक कशाला फरक करेल?

काचेची एक अडचण आहे: ती जड. गावच्याच बिअरला ती परवडते, शेकडो किलोमीटरवरून ट्रकने आणलेल्या पाण्याला ती तितकीशी शोभत नाही.

ओळख पटत नसेल तर कान द्या. बाटली गिळल्यावर मशिनच्या पोटातून चेपल्याचा कडकडाट आला, तर ती आइनव्हेग.