लक्ष्मीबाई टिळक

लक्ष्मीबाई नारायण टिळक (१ जून १८६८ – २४ फेब्रुवारी १९३६) : मराठी आत्मचरित्रकार व कवयित्री. जन्म नाशिकजवळ, गोदाकाठच्या जलालपूरचा. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. एका बाजूला गोदेचे घाट, दुसऱ्या बाजूला शरणपूरची मिशनची वसाहत, अशी दोन्ही जगे त्या काळच्या नाशिकच्या पंचक्रोशीत होती. लक्ष्मीबाई दोन्हींत जगल्या आणि दोन्हींविषयी एकाच भाषेत लिहून गेल्या.

१८५७च्या उठावाशी संबंध जोडून त्यांच्या आईच्या वडिलांना फाशी देण्यात आली. त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळे इतके वाढले की मीठ आणि साखरसुद्धा धुतल्याशिवाय घरात घेत नसत. पाण्यात विरणारी वस्तू धुण्याचा हा हट्ट ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्रात वाचल्यावर पुढच्या आयुष्यात ही बाई किती अंतर चालली, ते कळते.

वयाच्या अकराव्या वर्षी कवी नारायण वामन टिळकांशी त्यांचे लग्न झाले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंना लिहायवाचायला टिळकांनीच शिकवले. १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले आणि संसार मोडला. काही वर्षे माहेरच्या माणसांच्या आधाराने काढून त्या नवऱ्याकडे परतल्या, तरी आपले सोवळे आणि स्वयंपाक त्यांनी वेगळाच ठेवला. कुणाच्या हातचे पाणी प्यावे, या प्रश्नाशी झगडत माणसातला भेद देवाने केलेला नाही, या निष्कर्षाला त्या स्वतःच्या विचाराने आल्या. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यामागे फरफटत गेलेली बायको असे त्यांना म्हणणे अन्यायाचे आहे.

टिळक १९१९मध्ये वारले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रपर काव्य लक्ष्मीबाईंनी ६४ अध्यायांची भर घालून पूर्ण केले. त्यांची खरी कीर्ती मात्र ‘स्मृतिचित्रे’ची. ‘संजीवनी’ या नियतकालिकातून आलेल्या या आठवणी १९३४पासून चार भागांत पुस्तकरूपाने निघाल्या. सोवळ्यातले घर आणि मिशनचे आवार ही दोन्ही त्यांत सारख्याच मायेने, सारख्याच मिस्कीलपणे येतात. ओसरीवर बसून सांगावे तसे हे गद्य आहे. त्याच्या तोडीचे आत्मचरित्र मराठीत शोधावे लागते.

शांता गोखले यांनी केलेला ‘स्मृतिचित्रे’चा इंग्रजी अनुवाद २०१७मध्ये प्रसिद्ध झाला. नातू अशोक देवदत्त टिळक यांनी आजोबांच्या जीवनावर ‘चालता बोलता चमत्कार’ ही कादंबरी लिहिली.